लेस प्रिडोचे दोन बेस

दर रविवारी दुपारी तीनला चहाची सुट्टी झाली की लेस प्रिडो आपला उभा बेस, व्हायोलिनच्या जातीचं ते अवाढव्य वाद्य, स्टेजच्या कोपऱ्यात कुशीवर निजवायचा, त्याच्या कमरेखाली जुन्या स्वेटरची घडी सरकवायचा आणि दोन्ही हात खांद्यापासून झटकायचा. मग खुर्चीवर बसून गिटारसारखा इलेक्ट्रिक बेस मांडीवर घ्यायचा, डाव्या हाताची बोटं एकदा उघडून मिटायचा. एवढंच. एक कप चहा, एक स्कोन, की दुसऱ्या भागाला तयार.

ड्रमवाला गॉर्डन ऑलसोप दर रविवारी तेच विचारायचा.

"थोरलीला निजवलंस का, लेस?"

"निजवली."

"मग धाकटीला उठव. कधीची केस विंचरून बसली आहे बघ."

"थोरली कुरकुरते. चुकलं की तोंडावर सांगते," लेस म्हणायचा. "धाकटी काही बोलत नाही. कसाही वाग, गोडच हसते. म्हणून संसार थोरलीशीच."

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्ब्लाच्या तळ्याकाठी आमचा बोलिंग क्लब आहे. रविवारी दुपारी एक ते पाच तिथे नाच असतो. पहिल्या दोन तासांत वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट, म्हणजे जुने जोडीचे नाच, त्याला उभा बेस. सुट्टीनंतर रॉक अँड रोल, त्याला इलेक्ट्रिक. पियानोवर वँडा मारचाक, ड्रमवर गॉर्डन, बेसवर लेस. तिघं एकतीस वर्षं एकत्र वाजवत होती. त्यातली शेवटची सात वर्षं मी हॉलच्या मागच्या बाजूला साउंडच्या टेबलाशी बसायचो. आठवडाभर कारखान्यात मोजमापाची यंत्रं सांभाळायची आणि रविवारी या तिघांचे आवाज, असं माझं चाललं होतं.

दोन्ही बेसच्या तारा चार, नावं तीच, कामही तेच. तरी फरक मोठा. इलेक्ट्रिकच्या दांडीवर सतारीसारखे पडदे असतात, पण बांधलेले नाहीत, ठोकून बसवलेले. पडद्यामागे बोट थोडं पुढेमागे पडलं तरी सूर तोच निघतो. उभ्याला पडदे नसतात. माणसापेक्षा उंच खोकं, त्याला लांब काळी गुळगुळीत पट्टी, आणि तिच्यावर बोट कुठे टेकायचं ते कानाने सांगायचं. कान सांगतो, हात जातो, कान पुन्हा तपासतो, हात केसभर सरकतो. चांगल्या वादकाचं हे सगळं इतक्या पटकन होतं की त्याला स्वतःलाही कळत नाही. लेसचं तसंच होतं. पंचेचाळीस वर्षं.

त्याची बोटं मात्र आखूड होती. तीस वर्षांपूर्वी त्याने हा बेस एका हंगेरियन म्हाताऱ्याच्या बायकोकडून घेतला. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात, ती घोडी दुरुस्तीवाल्याने त्याच्यासाठी तीन सेंटिमीटर वर सरकवून दिली. तारांची लांबी कमी झाली, सुरांमधलं अंतर कमी झालं, आखूड बोटांना ते पुरायला लागलं. सतारीची घोडी चिकटवलेली असते. या बेसची नसते. नुसत्या तारांच्या दाबाने ती उभी राहते. तीस वर्षं ती त्याच जागी उभी होती.

लेसचा कान कारखान्याने खाल्ला. हे वाक्य माझं नाही, त्याचंच आहे. पोलादाच्या गरम पट्ट्या लाटायच्या विभागात तो अडतीस वर्षं फिटर होता. सुरुवातीच्या काळात कानात बोळे घालणाऱ्याला पोरं हसायची. पुढे सक्ती झाली तेव्हा उशीर झाला होता. वर्षातून एकदा कानाची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं.

"मी कान लावतच नव्हतो," त्याने एकदा मला सांगितलं. "तपासणाऱ्या बाईच्या चष्म्यात तिचा हात दिसायचा. हात हलला की मी बटण दाबायचो. सोळा वर्षं पहिल्या वर्गात पास."

"आणि हे चांगलं केलंस असं वाटतं तुला?"

"तेव्हा वाटलं. नापास झालेल्याला अंगण झाडायला पाठवायचे."

कमी ऐकू येतं याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. बेस तर पायातूनही ऐकू येतो, असं तो म्हणायचा. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्याने बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. त्याच्या दोन कानांना दोन वेगळे सूर ऐकू यायला लागले होते. उजव्याला सूर जागेवर, डाव्याला किंचित उतरलेला. अशाने माणूस बहिरा होत नाही, पण कोणत्या कानाचं खरं मानायचं तेच कळेनासं होतं. इलेक्ट्रिकवर हे लपलं, कारण तिथे पडदे होते. उभ्यावर लपण्यासारखं काहीच नव्हतं.

वँडाला सगळ्यांत आधी कळलं. ती काही बोलली नाही. लेसचा सूर घसरला की ती पियानोवर डाव्या हाताने तोच सूर जोरात वाजवून झाकायची. दोन वर्षं तिने असं झाकलं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, मनगटाला पट्टा बांधून वाजवायची. शेवटी त्या फेब्रुवारीत एका रविवारी, नाच संपल्यावर, ती गाडीचं दार उघडं ठेवून बूट बदलत बसली होती. लेस उभा बेस गाडीत चढवत होता. मी केबल गुंडाळत जवळच होतो.

"लेस, पूर्ण वेळ इलेक्ट्रिकच वाजव ना," वँडा म्हणाली.

"वॉल्ट्झला?"

"वॉल्ट्झला."

"कागदाच्या कपात सूप दिल्यासारखं होईल ते."

"लोक पितील."

"तू पिशील?"

वँडाने दुसरा बूट काढला. "मी दोन वर्षं काय पितेय ते तुला माहीत नाही. हे बघ, माझं मनगट गेलंय. मला दोघांचं वाजवणं जमत नाही आता. ईस्टरपर्यंत बघू. ईस्टरच्या रविवारी पहिला भाग सुरात गेला तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही गेला तर उभ्यासाठी दुसरं कुणीतरी आणीन. तू बेसवर असलेला मला आवडतोस म्हणून सांगतेय, नाहीतर गपचूप आणलं असतं."

"कुणाला आणशील?"

"ते तुला कशाला?"

लेसने गाडीचं मागचं दार लावलं. "ईस्टरला सात आठवडे आहेत," तो म्हणाला, "सात आठवड्यांत माणसाला नवा कान फुटत नाही, वँडा."

"माहीत आहे," वँडा म्हणाली.

त्याच आठवड्याच्या शनिवारी सकाळी लेसचा मला फोन आला. "तुझ्याकडे ते हिरवा दिवा लागणारं यंत्र आहे ना? सूर बरोबर असला की लागतो, ते? घेऊन ये. येताना कुणाला सांगू नकोस."

त्याच्या गॅरेजमध्ये फ्रीझर, गवत कापायचं यंत्र, मासे पकडायच्या काठ्या, आणि मध्ये बेस उभा. त्याची बायको जॉयस दारात चहा घेऊन उभी राहिली. बेत असा होता. लेसने पट्टीवर बोट टेकायचं, मी यंत्र बघायचं, हिरवा दिवा लागला की त्या जागी पट्टीच्या कडेला एक ठिपका द्यायचा. ठिपका फक्त वाजवणाऱ्याला वरून दिसतो, समोरच्या माणसाला नाही. शाळेतल्या मुलांच्या बेसवर मास्तर असे ठिपके देतात. लेसने आयुष्यभर त्याची थट्टा केली होती.

ठिपक्यांसाठी रंग हवा होता. जॉयसने नेलपॉलिश आणून दिलं, मोतिया रंगाचं.

"चव्वेचाळीस वर्षांत माझी नखं याला दिसली नाहीत," ती मला म्हणाली. "आता बसलाय बाईला नटवत."

"तिची मान लांब आहे, जॉयस," लेस म्हणाला.

"हो, आणि तोंड बंद असतं तिचं."

दोन शनिवार लागले. चार तारा, वरच्या सप्तकापर्यंत. मी प्रत्येक ठिपका मोजपट्टीनेही तपासला. मला असली कामं आवडतात. शेवटी लेसने सगळ्या पट्टीवरून एकदा खालून वर बोटं नेली, प्रत्येक सुराला हिरवा दिवा लागत गेला, आणि मी हसत म्हणालो, "झालं. आता कानाला पेन्शन दे."

तो हसला नाही. नुसती मान हलवली, एखादी सूचना ऐकावी तशी. त्याने माझं म्हणणं खरंच मनावर घेतलं, हे मला पुढे कळलं.

मार्चमधले रविवार चांगले गेले. पहिल्या रविवारी वँडाने सवयीने डाव्या हाताचा जोर लावला, मग हळूहळू कमी केला, आणि तिसऱ्या गाण्यात अगदीच काढून घेतला. तिने लेसकडे वळून पाहिलं. लेस पट्टीकडे बघत होता. पूर्वी तो वाजवताना कधीच पट्टीकडे बघायचा नाही. डोळे नाचणाऱ्यांच्या पायांवर असायचे, कुणाचं पाऊल अडखळलं तर तो एखादा ठोका ठासून द्यायचा. आता मान खाली, नजर ठिपक्यांवर. सूर मात्र शुद्ध. पाच रविवार असे गेले. पाचव्या रविवारी वँडा सुट्टीत त्याच्यासाठी स्वतः चहा घेऊन आली. गॉर्डन म्हणाला, "थोरलीने सोनं घातलंय की काय अंगावर? भलतीच गोड बोलते हल्ली." लेसने माझ्याकडे बघून डोळा मारला.

आनंदाच्या त्या आठवड्यांत एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, पण आली नाही. लेस आता उभा बेसही इलेक्ट्रिकसारखाच वाजवत होता. बघायचं, बोट ठेवायचं, पुढे जायचं. ठिपके त्याला पडद्यांसारखे वाटायला लागले होते, दांडीत ठोकून बसवलेले, कधीच न हलणारे. मलाही तसेच वाटत होते. मी तर मोजून दिले होते.

ईस्टरच्या आदल्या दिवशी त्याने तारा बदलल्या. डाव्या हाताची बोटं दुखत होती आणि त्याने महिनाभर आधी मऊ तारा मागवून ठेवल्या होत्या. मोठ्या दिवसासाठी नव्या तारा, असं त्याच्या मनात होतं.

इलेक्ट्रिक बेसच्या तारा बदलताना चारही एकदम काढतात. पट्टी मोकळी होते, फडक्याने पुसून घेतात, मग नव्या चढवतात. उभ्याच्या तारा कधीही एकदम काढायच्या नसतात. एक काढायची, एक चढवायची, मग दुसरी. नाहीतर दाब जातो आणि घोडी पडते. उभा बेस शिकणाऱ्याला पहिल्याच वर्षी हे सांगतात. लेसने स्वतः कितीतरी जणांना सांगितलं होतं. त्या शनिवारी त्याने चारही तारा एकदम काढल्या.

ईस्टरच्या रविवारी क्लब भरलेला असतो. नातवंडं बाहेर हिरवळीच्या कडेने चॉकलेटची अंडी शोधत होती. आत कोकराच्या मांसाची तबकं सोडतीसाठी मांडली होती. लेस निळा कोट घालून आला. यंत्र बघून चारही मोकळ्या तारा सुरात लावून घेतल्या, चार वेळा हिरवा दिवा लागला. त्याने मला लांबूनच अंगठा दाखवला.

पहिल्या वॉल्ट्झला मी हेडफोन काढून पुन्हा घातले. मला वाटलं, माझंच काही बिघडलं. मोकळी तार बरोबर येत होती. बोट टेकलं की सूर उतरत होता. थोडाच. माझ्यासमोरच्या स्क्रीनवर आकडे होते. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर सतरा भाग खाली. बोट पट्टीवर वर सरकलं की सव्वीस. त्याच्याही वर गेलं की आणखी. चूक अगदी शिस्तीत होती, हातून कधीमधी घसरावं तशी नव्हती. म्हणजे ती हाताची नव्हती. पण त्या क्षणी मला तेवढं सुचलं नाही. मी आवाज थोडा कमी केला, दुसरं करण्यासारखं काय होतं?

लेस मान खाली घालून वाजवत होता. तोंडावर हसू होतं. प्रत्येक बोट बरोबर ठिपक्यावर.

वँडाचा डावा हात परत आला. पहिल्यांदा हळू, मग जोरात. पण यावेळी त्याने वाईटच झालं, कारण आता प्रत्येक सुराशेजारी त्याचाच उतरलेला भाऊ ऐकू येत होता. तिने हात काढून घेतला. गॉर्डनने झांज जरा जास्त वाजवली. माझ्या टेबलाजवळून नाचत जाताना एक बाई नवऱ्याला म्हणाली, "पियानो बिघडलाय वाटतं यांचा."

चौथं गाणं संथ फॉक्सट्रॉट होतं. त्यात मध्ये सोळा मात्रांची जागा बेसला एकट्याला द्यायची, असं त्यांचं शुक्रवारीच फोनवर ठरलेलं होतं. पाच चांगल्या रविवारांचं बक्षीस. दोन वर्षांत वँडाने ती जागा त्याला दिली नव्हती. ती जागा आली तेव्हा तिने हात मांडीवर घेतले. मला वाटलं ती वाजवत राहील, त्याला मध्येच अडवेल. तिने अडवलं नाही. दिलेला शब्द ती मोडत नसे.

लेस पट्टीवर वर गेला. तिथे सूर पन्नास भाग खाली होता, म्हणजे हा सूरही नाही आणि तोही नाही, दोन पायऱ्यांच्या मधे पाय. आणि तो घाई करत नव्हता. प्रत्येक सूर लांबवत होता, थरथरवत होता. नाचणारे थांबले नाहीत, पण बोलणारे थांबले. बारवरची मुलगी ग्लास पुसता पुसता वर बघायला लागली. गॉर्डन जमिनीकडे बघत ड्रमवर तारांचे ब्रश फिरवत होता. सोळा मात्रा झाल्या आणि वँडाने पुन्हा सुरुवात केली तेव्हा टाळ्या वाजल्या. ईस्टर होता, लेस सगळ्यांचा ओळखीचा होता.

सुट्टी झाली. त्याने उभा बेस कुशीवर निजवला, हात झटकले आणि सरळ माझ्याकडे आला. कपाळावर घाम.

"ऐकलंस? सोलोला हॉल कसा गप्प झाला होता."

मी हेडफोन काढून ठेवले. उठून स्टेजकडे गेलो. तो माझ्या मागे आला. बेस आडवा होता, खिडकीतलं ऊन त्याच्या पोटावर पडलं होतं. घोडीच्या वर, दोन बोटांवर, वॉर्निशमध्ये दोन फिकट पावलं उमटलेली दिसत होती. तीस वर्षं घोडीचे पाय जिथे टेकले होते ती जागा. घोडी आता तिथे नव्हती.

"लेस, तारा कधी बदलल्यास?"

"काल. मऊ घेतल्या, बोटांसाठी. का?"

"एकेक करून?"

"नाही, चारही काढल्या. पट्टी पुसायची होती," तो म्हणाला. आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. तोंड तसंच उघडं राहिलं.

"घोडी पडली?"

"पडली. उचलून ठेवली. पोटावरच्या दोन लांब फटींना मध्ये खाचा असतात ना, त्यांच्या समोर. तिथेच ठेवतात."

"सगळ्यांची तिथे असते. तुझी वर होती."

त्याने फिकट पावलांवर बोट फिरवलं. "चष्मा घरात राहिला होता," तो म्हणाला. मग त्याने पट्टीच्या कडेला बघितलं. "म्हणजे ठिपके सगळे..."

"हो."

"कधीपासून? पहिल्या गाण्यापासून?"

"हो."

"किती?"

मी आकडे सांगितले. मला आकडेच सांगता येतात. वर गेल्यावर पन्नास, हे सांगताना मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मागे वँडा येऊन उभी होती, हातात चहाचे दोन कप. तिला बघून मला हायसं वाटलं, कारण आता माझ्याकडे कारण होतं, यंत्राचं कारण, ज्यात कुणाचा दोष नसतो. मी भराभरा सांगत सुटलो. घोडी सरकली आहे, तारांची लांबी बदलली आहे, ठिपके आधीच्या लांबीचे आहेत. "लेसचं काही चुकलेलं नाही. दहा मिनिटांत मी ती जागेवर आणतो. पुढच्या रविवारी बघ, पुन्हा पहिल्यासारखं."

वँडाने ठिपक्यांबद्दल तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. ती गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि पट्टीच्या कडेची ती मोत्यांची रांग बघितली. बराच वेळ बघितली.

"घोडी सरकली, हे समजलं," ती म्हणाली. "पण त्याला ते ऐकू आलं नाही. दोन तास. हे खरं ना?"

गॉर्डन तोवर आला होता. "थोरलीचा पाय घसरला एवढंच, वँडा," तो म्हणाला. "सणासुदीला होतं असं." कुणी हसलं नाही, तेव्हा तो आपल्याच चहात बघत राहिला.

"वँडा बरोबर बोलतेय," लेस म्हणाला. "मला आजचा दिवस चांगला गेला असं वाटलं. तेच तर."

वँडाने त्याच्यापुढे कप धरला. त्याने घेतला. "गेल्या पाच रविवारी तू ऐकत नव्हतास, बघत होतास," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तू परत आलास."

"मलाही," लेस म्हणाला.

मी पुन्हा म्हणालो की घोडी आत्ताच बसवतो. तो म्हणाला, "राहू दे." मग सोडत झाली, कुणाला तरी तबक मिळालं, लोकांनी आरोळ्या ठोकल्या. लेसने इलेक्ट्रिक मांडीवर घेतला. दुसरा भाग सुरू झाला आणि त्याने तो असा वाजवला की एक सूर हलला नाही. सगळे पडदे जागेवर होते. त्या दिवशी लोक जितके नाचले तितके मी तिथे पूर्वी नाचताना बघितले नव्हते. पोरंसुद्धा आत येऊन उड्या मारत होती.

मे महिन्यात उभ्या बेससाठी टॅमसिन आली. जवळच्या वोलोंगाँग शहरात संगीत शिकवते, तिशीची आहे, तिचा स्वतःचा बेस आहे. वँडाने लेसला सांगितलं की दुसरा भाग तुझाच. लेस चार रविवार आला. पहिले दोन तास तो स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसायचा, मांडीवर बंद इलेक्ट्रिक, आणि टॅमसिन वॉल्ट्झ वाजवायची. सुट्टी झाली की ती आपला बेस कोपऱ्यात ठेवायची आणि तो उठायचा. गॉर्डनला विचारायला काही उरलं नव्हतं. तो चहा प्यायला बाहेर जायला लागला. पाचव्या रविवारी लेसने वँडाला फोन केला की तिला दोन्ही दे, तिला दोन्ही येतात.

मी एकदा त्याच्याकडे गेलो होतो, बोलायला. पेन्शनची ती थट्टा माझ्या मनातून जात नव्हती. उभा बेस फ्रीझरमागे उभा होता, अंगावर चादर. मी म्हणालो, "ते ठिपके मी द्यायलाच नको होते."

"मी मागितले होते," तो म्हणाला. "तू नसते दिलेस तर फेब्रुवारीतच संपलं असतं. वाटलं, वाढवून घेऊ."

"कान अजून पूर्ण गेलेला नाही, लेस. सराव केला तर..."

"कोणता कान?" तो म्हणाला. जॉयसने आतून हाक मारली आणि आम्ही खारवलेलं मांस आणि बटाटे खाल्ले. संगीताचा विषय पुन्हा निघाला नाही.

जुलैत तो आणि जॉयस नाचायला म्हणून क्लबात यायला लागले. जॉयसची हौस होती. एकतीस वर्षं नवरा स्टेजवर, त्यामुळे तिला कधी जोडीदार मिळाला नव्हता. दोघं एखादं वॉल्ट्झ नाचायची. नंतर तो थकायचा, मग जॉयस दुसऱ्या कुणाबरोबर नाचायची आणि लेस बिअरचा ग्लास घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. उजवा कान स्टेजकडे, नजर टॅमसिनच्या डाव्या हातावर. ती चांगली वाजवते. डोळे मिटून वाजवते.

एका रविवारी तिला सोलो होता. संथ फॉक्सट्रॉट, तीच सोळा मात्रांची जागा. लेसने ग्लास टेबलावर ठेवला आणि पुढे वाकला. ती वर गेली, खाली आली, वँडाने पुन्हा सुरुवात केली.

"सुरात होती?" त्याने मला विचारलं.

मी स्क्रीनकडे न बघताच म्हणालो, "होती."

"सगळी?"

"सगळी."

"बरं," तो म्हणाला. टाळ्या सुरू झाल्या होत्या. त्यानेही वाजवल्या.